शिशाची पॉइंट टू-टू आणि तिचे बिनशिशाचे पर्याय: ५० मीटरवर काय चालतं, काय नाही

पॉइंट टू-टू लाँग रायफलची मॅच काडतुसं हा दुकानातला सगळ्यात कंटाळवाणा माल आहे. तीच ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, तीच सेकंदाला सुमारे ३२७ मीटर गती, तोच ५० राउंडांचा डबा. मॅचच्या मालात मात्र कंटाळवाणेपणा हाच गुण. साठावा राउंड पहिल्यासारखा वागला पाहिजे, एवढीच अपेक्षा असते आणि चांगला माल ती पुरी करतो. आता युरोपीय संघात दारूगोळ्यातल्या शिशावर निर्बंध आणायचं घाटत आहे. त्या निमित्ताने हा माल आणि त्याच्या जागी जे सुचवलं जातं ते, दोन्ही एकदा तपासून पाहू.

वरळीला किंवा पनवेलला सराव करणाऱ्याने ब्रसेल्सच्या मसुद्याची फिकीर का करायची? कारण आपल्याकडे मॅचला लागणारा माल बहुतेक तिकडूनच येतो. लापुआ आणि एसके जर्मनीतल्या शोनबेकच्या एकाच कारखान्यातून येतात, आरडब्ल्यूएस फ्यूर्थहून आणि एली बर्मिंगहॅमहून. आपल्या ऑर्डनन्स कारखान्याची केएफ छापाची टू-टू एनसीसीच्या कॅडेटला बंदूक ओळखायला आणि ट्रिगरचा हात बसवायला ठीक आहे. राज्य स्पर्धेत थ्री-पी (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींतली रायफल स्पर्धा) खेळणारा ती मॅचला नेत नाही.

आधी हिशेब, कारण तो केल्याशिवाय महाग डबा का घ्यायचा हे कळत नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरवर असला तर १०.०. तिथून आत प्रत्येक ०.८ मिलिमीटरला एक दशांश वाढतो. आता गती बघा. ३२७ च्या गतीने ५० मीटर जायला गोळीला सेकंदाच्या सहाव्या भागाहून किंचित कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. दोन राउंडांच्या गतीत १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, तर टार्गेटवर सुमारे साडेसात मिलिमीटरचा उभा फरक पडतो. म्हणजे नऊ दशांश, आणि त्यात नेमबाजाची काही चूक नाही. थ्री-पीच्या पात्रता फेरीत पूर्णांकच मोजतात, त्यामुळे तिथे हे खपून जातं. फायनलला खपत नाही. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेचं कांस्य ४५१.४ गुणांवर आलं, तो हिशेब दशांशातलाच.

म्हणून डब्यावरचं नाव नंतर बघायचं, आधी लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेचा आहे तो आकडा. लापुआचं सेंटर-एक्स, मिडास प्लस आणि एक्स-अ‍ॅक्ट ही शिडी मुख्यतः चाचणीनंतरच्या प्रतवारीची आहे. सेंटर-एक्सचा एखादा लॉट तुमच्या बॅरलमध्ये मिडास प्लसपेक्षा छान जमतो, आणि तसं झालं तर महागाचा हट्ट धरायचं कारण नाही. एलीच्या टेनेक्सच्या डब्याच्या पैशात एसके स्टँडर्ड प्लसचे दोन डबे आरामात येतात. रोजच्या सरावाला स्टँडर्ड प्लस किंवा रायफल मॅच भरपूर झालं. आठवड्यातले चार दिवस टेनेक्स उडवणं म्हणजे पावसात पैठणी नेसून लोकल पकडणं.

लॉट तपासायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. चार वेगवेगळ्या लॉटचे दोन-दोन डबे घ्या. रायफल क्लॅम्पमध्ये लावता आली तर उत्तम, नाहीतर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, सकाळी वारा पडलेला असताना. दर लॉट बदलला की आधी दहा-पंधरा राउंड नुसते सोडायचे, मग दहाचे दोन ग्रुप (ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका). ब्रँड बदलला असेल तर पंचवीस-तीस. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं, आणि जुन्या मेणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत ग्रुप खोटं बोलतो. बहुतेक जण इथेच फसतात. पाच राउंडांत ‘हा लॉट वाईट’ म्हणून शिक्का मारतात आणि दोष मागच्या डब्यातल्या मेणाचा असतो. ग्रुप उभा ताणला गेला तर गतीतला फरक. आडवा ताणला गेला तर आधी वारा बघा, मग स्टॉकचे स्क्रू. एकच राउंड लांब गेला आणि बाकी नऊ गोळा बसले, तर दुसऱ्या ग्रुपची वाट बघा. दोन्हींत तसंच झालं तर तो लॉट सोडा.

मुंबईच्या हवेबद्दल दोन गोष्टी. एक आपल्या बाजूची आहे. ३३ अंशांना आवाजाची गती सुमारे ३५१ मीटर होते, त्यामुळे ३२७ ची गोळी आवाजाच्या सीमेपासून चांगली लांब राहते. शून्य अंशाला हीच सीमा ३३१ वर येते आणि थंडीतल्या देशांत या चार मीटरांचा घोर असतो. दुसरी आपल्या विरुद्ध. पॉइंट टू-टूची गोळी केसमध्ये नुसती टाचेवर, म्हणजे मागच्या अरुंद भागावर, धरलेली असते, मोठ्या रायफलच्या सेंटरफायर काडतुसासारखी घट्ट बंद नसते. पावसाळ्यात उघडे डबे कपाटात पडले तर पितळ हिरवं पडतं आणि मिसफायर वाढतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या, महिन्या-दोन महिन्यांनी त्या बदलायच्या. फ्रिजमध्ये मुळीच नाही. बाहेर काढल्याबरोबर दव धरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डब्यातलं मेण वितळून एका बाजूला जमतं आणि तो डबा सरावालाच जातो. बंदुकीचं तेल काडतुसांच्या जवळपासही नको, कारण पातळ तेल टाचेतून आत शिरून कडेतल्या प्राइमरपर्यंत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या द्रव्यापर्यंत, पोहोचतं. राउंड वाजला नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज फुसका आला तर पुढचा राउंड भरण्याआधी नळीतून आरपार बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी म्हणजे बॅरल गेलं.

आता पर्याय. बिनशिशाची पॉइंट टू-टू बाजारात आहे, नाही असं नाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर २०१३ चा कायदा आला आणि १ जुलै २०१९ पासून तो पूर्ण लागू झाला, तेव्हापासून तिला थोडं गिऱ्हाईक मिळालं. सीसीआयची कॉपर-२२ तांब्याची भुकटी आणि पॉलिमर दाबून केलेली, २१ ग्रेनची. नॉर्माची इको स्पीड आणि आरडब्ल्यूएसची एचव्ही ग्रीन जस्ताच्या, २४ ग्रेनच्या. विंचेस्टरची एक कथलाची, २६ ग्रेनची. हे वजनाचे आकडे कुणाच्या डोक्यातून आलेले नाहीत. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३, जस्ताची ७.१. ४० ग्रेनच्या शिशाच्या जागेत कथील भरलं तर पावणेसव्वीस ग्रेनच बसतं. वजन टिकवायला गोळी लांब करावी, तर काडतूस चेंबरमध्ये मावत नाही, आणि सोळा इंचांना एक वेढा घेणारी आपल्या नळीतली खाच तेवढ्या लांब गोळीला नीट फिरवू शकत नाही. रसायनशास्त्राने हे सुटणार नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे.

हलकी गोळी मग जोरात फेकतात. सीसीआय सेकंदाला ५६० मीटरच्या पुढे, नॉर्मा ५२० च्या आसपास. जवळच्या सशाला ते पुरेसं आहे आणि त्या कामासाठी या गोळ्या वाईट म्हणता येणार नाहीत. ५० मीटरच्या कार्डावर, म्हणजे टार्गेटच्या कागदावर, मात्र तीन ठिकाणी अडतं. हलक्या गोळीची गती हवेत झपाट्याने पडते आणि जितकी जास्त पडते तितकी वाऱ्याने ती बाजूला सरते. ‘वेगवान गोळीला वारा कमी लागतो’ हा समज पॉइंट टू-टूच्या बाबतीत उलटा आहे, हे समुद्रावरच्या रेंजवर दुपारी तीनला कुणीही पडताळून पाहावं. दुसरं, आवाजापेक्षा वेगवान गोळीचा चाबकासारखा कडाका. मुंबईत रेंजच्या भिंतीला इमारती खेटून असतात, तिथे तो शेजाऱ्यांच्या तक्रारीचं पत्र घेऊनच येतो. तिसरं, मॅच रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा. त्यात गोळीची पुढची कडा खाचांत हलकेच रुतावी लागते. शिसं मऊ म्हणून रुततं आणि उडताना मागून दाब बसला की फुगून खाच भरून काढतं. जस्त शिशाच्या कितीतरी पट कडक. ते रुतत नाही, बोल्ट जड बंद होतो, आणि गोळी दरवेळी वेगळ्या जागेवरून सुटते. शिवाय आंतरराष्ट्रीय नियम ५.६ मिलिमीटरच्या रायफलला शिशाच्या किंवा तशाच मऊ पदार्थाच्या गोळ्याच चालवून घेतो. कथील त्यात बसवता येईल. जस्ताबद्दल ज्युरीशी वाद घालायची तयारी ठेवा.

त्यामुळे निकाल सरळ आहे. शिकारीच्या कामाला बिनशिशाच्या टू-टूला पाचपैकी तीन, मॅचला शून्य. दहा मीटर एअर रायफलचं वेगळं आहे. तिथे कथलाचे छर्रे मिळतात, अंतर कमी असल्याने वजनाचा फरक तितका बोचत नाही, आणि रेंज बंदिस्त असते.

ज्या मालाला पर्याय नाही त्यावर बंदी घालताना निदान प्रश्न नेमका मांडायला हवा. शिसं विष आहे यात वाद नाही. पाणथळ जागी छर्ऱ्यांवर युरोपात १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बदकं चिखलातले छर्रे खडे समजून गिळतात आणि मरतात. कॅलिफोर्नियातला कायदाही काँडोरसाठी आला, मेलेल्या जनावरातले शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जात होते म्हणून. पण तो शिकारीपुरताच ठेवला, रेंजवरचा कागद त्यात ओढला नाही. आपल्याकडचं गिधाडांचं प्रकरण आठवून बघा. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं मरत होती. २००६ मध्ये गुरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली तेव्हा कारण नेमकं कळलेलं होतं आणि मेलॉक्झिकॅम हा पर्याय गुरांच्या डॉक्टरांकडे होता. शिशाच्या टू-टूच्या बाबतीत पक्षी कार्ड खात नाही, आणि मेलॉक्झिकॅमही नाही.

युरोपीय रसायन संस्थेने २०२१ च्या सुरुवातीला शिकार, मैदानी नेमबाजी आणि मासेमारी या तिन्हींसाठी निर्बंध सुचवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाचा मसुदा आला. बंदिस्त रेंजला हात लावलेला नाही, आणि मैदानी रेंजवर गोळी पकडायची सोय असेल तर शिशाला वाट ठेवायची कल्पना आहे. मग विरोध कशाला? कारण खरी मेख ‘सोय’ या शब्दात आहे. मोठ्या शहरातल्या क्लबला पोलादी ट्रॅप परवडतो. गावच्या दहा लेनच्या क्लबमागे मातीचा बांध असतो आणि त्याला तोच परवडतो. असे क्लब बंद पडले तर सरावाचा माल विकला जाणार नाही, आणि मॅचचा माल त्याच यंत्रांवर निघतो. उत्पादन आक्रसलं की रांगेत शेवटी कोण असतं हे आयात परवान्याची वाट बघणाऱ्या भारतीय नेमबाजाला सांगावं लागत नाही. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेली बंदी या बाबतीत जास्त शहाणी आहे. गोळ्यांच्या बाबतीत ती ६.१७ मिलिमीटर आणि त्यावरच्या कॅलिबरपुरती ठेवली, म्हणजे टू-टू बाहेर. पर्याय नाही हे तिथे मान्य केलं, एवढाच फरक.

पदार्थाच्या नावावर नियम लिहिला की काय होतं याचा नमुना अमेरिकेत २०१५ मध्ये दिसला. तिथल्या शस्त्रनियंत्रण विभागाने १३ फेब्रुवारीला एम८५५ या ५.५६ च्या हिरव्या टोकाच्या गोळीला चिलखतभेदी गोळ्यांच्या बंदीतून १९८६ पासून असलेली सूट काढायचा प्रस्ताव ठेवला. (आपल्याकडे ५.५६ निषिद्ध बोर. नागरिकाच्या हाती येत नाही, त्यामुळे हा दूरचाच मामला. तिकडे मात्र ती दुकानातली सर्वांत सामान्य रायफल काडतुसांपैकी एक.) कायद्यातली चिलखतभेदी गोळीची व्याख्या पोलाद, लोखंड, पितळ, कांसं, टंगस्टन अशा यादीवर उभी आहे, आणि गाभा पूर्णपणे त्याचाच हवा, असं म्हणते. एम८५५ च्या ६२ ग्रेनच्या गोळीत पुढे पोलादी टोक आणि मागे शिसं असतं, म्हणून ‘पूर्णपणे’ हा शब्दच वादात सापडला. त्याहून गंमत अशी, की शिसं टाळायला निघालेला शिकारी ज्या धातूंकडे वळेल त्यांतलं पितळ याच यादीत आहे. एका दारातून शिसं बाहेर, दुसऱ्या दारातून पितळही बाहेर. ऐंशी हजारांवर हरकती आल्या आणि १० मार्चला, मुदत संपायच्या आधीच, विभागाने प्रस्ताव बाजूला ठेवला. हरकतींमध्ये घोषणा भरपूर असतात. वजन पडतं ते ‘हा शब्द इथे लागू होत नाही’ असं दाखवणाऱ्या हरकतींचं.

आणि बंदीने जे सुटत नाही ते असं: रेंजवरच्या हवेतलं शिसं नुसतं गोळीतून येत नाही. टू-टूच्या कडेतल्या प्राइमरमध्ये नेहमीच्या मालात लेड स्टिफनेट असतं. गोळी कथलाची केली तरी प्राइमरचा धूर तोच. नेमबाजाच्या फुप्फुसाची काळजी असेल तर बंदिस्त रेंजला लेनवरून टार्गेटकडे जाणारा हवेचा झोत हवा. फरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओलं पुसायचं. फायरिंग लाइनवर वडापाव आणि चहा नको. हात आधी गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे. शूटिंग जॅकेट घरच्या धुण्यात टाकायचं नाही, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. याला एकाही नव्या कायद्याची गरज नाही.

जमिनीतल्या शिशाचा हिशेबही घालता येतो. एका नेमबाजाने साइटर्स (मॅचआधीचे अंदाजाचे राउंड) धरून ८० राउंड सोडले तर २०८ ग्रॅम शिसं. वीस नेमबाज रोज आले तर चार किलोच्या वर, महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर किलो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या वाळूच्या बांधातून तो शिसं खाली नेतो, माती आम्लधर्मी असेल तर जास्तच. म्हणून बांधावर छप्पर, खाली प्लास्टिकचा जाड थर, मातीत चुना टाकून सामू साडेसहाच्या वर, आणि पावसाळ्याआधी वाळू चाळून शिसं काढणं. पोलादी ट्रॅप असेल तर पत्र्यावर खड्डे पडले की तो बदलायचा, कारण खड्ड्यातून तुकडा मागे येतो. कडक गोळीने हे खड्डे लवकर पडतात. बिनशिशाच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

खरेदीबद्दल विचाराल तर साठेबाजी नको. परवान्यावरच्या संख्येच्या पलीकडे एक राउंडही बाळगता येत नाही, आणि दुकानदाराने केलेली नोंद पोलीस आयुक्तालयात मागितली जाते. जमलेला लॉट सापडला असेल तर मर्यादेत बसेल तेवढा मॅचसाठी एकदम घ्या, डब्यांवर तारीख लिहा आणि जुना आधी वापरा. सरावाला एसके, मॅचला तुमच्या बॅरलने निवडलेलं सेंटर-एक्स किंवा टेनेक्स. बिनशिशाचा एखादा डबा मिळाला तर कुतूहल म्हणून तपासा, पण बोल्ट जड लागला तर तिथेच थांबा.

चाळून निघालेलं शिसं कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला द्यायचं नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. त्याची वजनाची पावती रेंजच्या फाइलीत लावायची आणि शेजारी त्याच काळात सुटलेल्या राउंडांची संख्या लिहायची. चाळीस हजार राउंड म्हणजे १०४ किलो गेले. पावतीवर नव्वद दिसले तर ट्रॅप काम करतोय. साठ दिसले तर उरलेले चव्वेचाळीस कुठे गेले ते शोधायला फावडं घेऊन बांधामागे जायचं.